'दुष्काळावरचं काही आहे का?' : संदर्भ ग्रंथपाल नेमके काय काम करतात

१ जानेवारी २०२५ पासून देशात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था अशा ६,३०० हून अधिक ठिकाणी तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके वाचता यावीत, यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्रामार्फत तिची अंमलबजावणी होते. बातम्यांमध्ये या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. पण तेरा हजार नियतकालिकांचे दार उघडल्यावर आत शिरलेल्या विद्यार्थ्याने पहिले पाऊल कोठे टाकायचे, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. ते पाऊल दाखवणारी व्यक्ती विद्यापीठांमध्ये पूर्वीपासून असते, तिला संदर्भ ग्रंथपाल म्हणतात, आणि तिचे काम काय असते हे बहुतेक पदवीधरांना पदवी हातात पडेपर्यंत कळलेले नसते.

तिकीट खिडकी आणि चौकशी खिडकी

ग्रंथपाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी व्यक्ती येते, ती बहुधा देवघेव विभागातली असते. ओळखपत्र घ्यायचे, पुस्तक द्यायचे, परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा आणि उशीर झाल्यास दंड घ्यायचा, हे तिचे काम. एसटी स्थानकावरील तिकीट खिडकीशी त्याची तुलना करता येईल: कोठे जायचे हे प्रवाशाला ठाऊक असते, खिडकीने फक्त तिकीट फाडायचे असते. संदर्भ विभाग ही चौकशीची खिडकी आहे. तेथे येणारा प्रवासी 'कोकणात जाणारी गाडी कधी आहे?' असे विचारतो, आणि कोकणात म्हणजे पेणला की सावंतवाडीला, आज की उद्या, सामान किती, हे विचारल्याशिवाय त्याला उपयोगी पडेल असे उत्तर देता येत नाही.

या कामाच्या दोन बाजू आहेत. एकेका वाचकाच्या प्रश्नाचा माग काढून त्याला योग्य साधनापर्यंत नेणे ही पहिली बाजू. तिला संदर्भसेवा म्हणतात. माहिती कशी शोधावी, पारखावी आणि वापरावी हे वर्गात शिकवणे ही दुसरी; तिला माहिती साक्षरतेचे शिक्षण म्हणतात. मोठ्या विद्यापीठांत या दोन्ही बाजू सांभाळणारे स्वतंत्र ग्रंथपाल असतात. आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालयांत मात्र हे सगळे एकाच माणसाला करावे लागते, आणि खरेदीची बिले व महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'चे तक्तेही त्यालाच भरावे लागतात.

विचारलेला प्रश्न आणि मनातला प्रश्न

समजा, एम.ए.ची एक विद्यार्थिनी संदर्भ विभागात येते आणि म्हणते, "मॅडम, दुष्काळावरचं काही आहे का?" या प्रश्नाचे खरे उत्तर 'आहे, आणि ते चार कपाटे भरून आहे' असे आहे, पण त्याचा तिला काहीही उपयोग नाही. म्हणून अनुभवी ग्रंथपाल उठून कपाटाकडे जाण्याऐवजी समोरची खुर्ची पुढे करतात आणि विचारतात, "कुठल्या दुष्काळाबद्दल लिहिते आहेस?" उत्तर येते, "बहात्तरच्या." पुढचा प्रश्न असतो, "त्यातलं काय? पाऊस, पिकं, स्थलांतर, सरकारी कामं?" मग कळते की तिच्या आजीने त्या वर्षी खडी फोडली होती आणि दुष्काळी कामांवर बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळत होती का, हे तिला शोधायचे आहे. पाच मिनिटांपूर्वीच्या आणि आताच्या प्रश्नात केवढे अंतर आहे, ते सांगायला नको.

या संवादाला संदर्भ-मुलाखत म्हणतात. १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकाने तिचे मर्म फार नेमके सांगितले. गरज आधी नुसती हुरहूर असते, मग ती मनात अस्पष्ट आकार घेते, पुढे तिचा नीट प्रश्न होतो, आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा स्वतःच अंदाज बांधून माणूस त्या प्रश्नाला मुरड घालून तो विचारतो. या चौथ्या, तडजोड केलेल्या प्रश्नावरून मागे जात मूळ गरजेपर्यंत पोहोचणे हे ग्रंथपालाचे कसब आहे. 'दुष्काळावरचं काही' हा प्रश्न विद्यार्थिनीने ग्रंथालयाच्या सोयीसाठी केला होता. तिच्या मनात आजी होती.

या मुलाखतीत काही पथ्ये पाळावी लागतात. 'हे कशाला हवे आहे?' असे सहसा विचारत नाहीत, कारण तो प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो आणि वाचकाने आपले कारण सांगावेच असे बंधन नाही. 'यातून काय तयार करायचे आहे?' असे विचारले, तर तेच उत्तर आपणहून मिळते. कायद्याच्या वा आजाराच्या प्रश्नावर ग्रंथपाल साधन काढून देतात, सल्ला देत नाहीत. आणि मुलाखतीसाठी बोलावे लागते. जेथे बोलणे हेच काम आहे, नेमक्या त्याच टेबलावर आपल्याकडे 'शांतता राखा' अशी पाटी ठेवलेली असते, याची गंमत वाटते.

प्रश्न स्पष्ट झाला की साधनेही स्पष्ट होतात. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्यभर सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा आहे आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. म्हणजे पहिल्या काही वर्षांतील मजुरीचे नियम कायद्यात सापडणार नाहीत. त्यासाठी शासन निर्णय आणि शासकीय अहवाल पाहावे लागतील. कायद्यामागचा विचार विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात मिळेल. गावांची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत, आणि अर्थशास्त्रज्ञांमधील वाद त्या काळच्या नियतकालिकांत. हा आराखडा एका कागदावर लिहून विद्यार्थिनीच्या हातात देणे म्हणजे संदर्भसेवा.

शब्दांचा घोळ

आता शोध सुरू होतो, आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. आपण 'दुष्काळ' म्हणतो, सरकारी कागदपत्रे कित्येकदा 'टंचाई' म्हणतात, हवामानाचे अभ्यासक 'अवर्षण' म्हणतात. इंग्रजीतही तीच तऱ्हा: 'फॅमिन', 'ड्रॉट' आणि 'स्कार्सिटी' या तीन शब्दांखाली तीन वेगळे ढीग पडलेले असतात. एकच शब्द टाकून 'काही मिळत नाही' असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्यक्षात एकाच ढिगापुढे उभा असतो.

गावांच्या नावांनी यात भर घातली आहे. पुण्याची जुनी माहिती 'पूना' या इंग्रजी नावाखाली, वसईची 'बसीन'खाली आणि सोलापूरची 'शोलापूर'खाली शोधावी लागते. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. धुळे आणि जळगाव हे १९०६ पर्यंत एकाच खानदेश जिल्ह्यात होते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांमध्ये, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथांमध्ये, बीड शोधणाऱ्याला ते मिळत नाही आणि त्यात त्याची काही चूक नसते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्याचे कागद हैदराबादच्या नोंदींत आहेत, आणि विदर्भाचे कागद मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नोंदींत. अलीकडे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे रूढ होत आहेत. आणखी वीस वर्षांनी नव्या नावाने शोधणाऱ्या मुलांना आजवरचे सगळे लेखन जुन्या नावाखाली आहे, हे कोणीतरी सांगावेच लागेल.

मराठीत याहून सूक्ष्म अडचण शुद्धलेखनाची आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या मजकुरात 'घरांत', 'त्यांनीं', 'करणें' असे अनुस्वार असत. आपली नजर ते सहज ओलांडते; संगणकाच्या लेखी मात्र 'करणे' आणि 'करणें' हे दोन वेगळे शब्द ठरू शकतात. युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी प्रबंध जसेच्या तसे संकेतस्थळांवर चढवले गेले. पडद्यावर ते नीट दिसतात, पण त्यांतील अक्षरे संगणकाला निरर्थक चिन्हे वाटतात, म्हणून शोधात ते येतच नाहीत. अशा वेळी छापील सूचींचा आधार घ्यावा लागतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली. जुन्या मराठी ग्रंथांचा माग काढायचा असेल, तर आजही ती हाताशी ठेवण्याला पर्याय नाही.

शोधपेटीत 'आणि', 'किंवा' हे जोडशब्द वापरता येतात, हे अनेकांनी ऐकलेले असते, पण त्यांचा अर्थ आपल्या बोलण्याच्या उलट आहे हे ठाऊक नसते. लग्नाची यादी करताना आपण म्हणतो, 'पुण्याच्या आणि नाशिकच्या पाहुण्यांना बोलवा', आणि दोन्हीकडचे सगळे येतात. संगणकाला हेच सांगितले, तर तो एकाच वेळी पुण्याचाही आणि नाशिकचाही असलेला पाहुणा शोधत बसेल. यादी वाढण्याऐवजी आटेल. उलट 'चहा किंवा कॉफी' म्हटल्यावर आपल्याकडे पाहुण्याला एकच पेय मिळते, संगणक मात्र 'किंवा' म्हटल्यावर दोन्ही आणून ठेवतो. म्हणून समान अर्थाचे शब्द 'किंवा'ने जोडायचे आणि वेगवेगळ्या कल्पना 'आणि'ने: दुष्काळ किंवा टंचाई किंवा अवर्षण, आणि मजुरी किंवा रोजगार, आणि स्त्रिया. एवढे एक वाक्य नीट बांधता आले तरी महिन्याचे काम दोन दिवसांवर येते.

ग्रंथपालाने शिकवायचे ही कल्पना कोठून आली

वाचकाला व्यक्तिशः मदत करणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे १८७६ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी प्रथम ठामपणे मांडले. आपल्याकडे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्याला आणले आणि ग्रंथालयांचे जाळे उभे केले. गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र संदर्भ विभागाचा पायाच म्हणता येईल.

पूर्वी शिकवणे म्हणजे जून-जुलैमध्ये नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात फिरवून आणणे. मराठी साहित्य ८९१.४६ या वर्गांकाखाली (पुस्तकांच्या विषयवार मांडणीच्या क्रमांकाखाली) असते, असे सांगितले की शिक्षण संपले. आज हे पुरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधनाचा पर्याय आला आहे, म्हणजे जे पूर्वी पीएच.डी.ला करावे लागे त्याची सुरुवात विशीतच होणार आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यातील माहितीसंग्रह (डेटाबेस) आणि साहित्यचौर्य यांवरील भाग अनेक ठिकाणी ग्रंथपालच शिकवतात.

माझ्या मते यातली खरी अडचण वेळेची आहे. प्राध्यापक वर्षातून एकदा एक तास देतात, आणि तोही बहुतेकदा ते स्वतः बाहेरगावी असतात तेव्हा. त्या तासाला मुलांच्या हातात प्रकल्पाचा विषय नसेल, तर दाखवलेले सगळे वाऱ्यावर जाते. पोहणे काठावरून शिकवता येत नाही.

'गूगल आणि एआय असताना हे सगळे कशाला?'

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर मान्य करूनच पुढे जावे लागते. अमुक धरण केव्हा बांधले, तमुक कवी कोठे जन्मले, असे प्रश्न घेऊन आता कोणी संदर्भ विभागात येत नाही, आणि यायची गरजही नाही. उरतात ते गुंतागुंतीचे प्रश्न.

एआयच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लेखन करणारी ही साधने मुळात पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत वाक्ये रचतात. संदर्भसूची मागितली की खऱ्या लेखकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव, शोभेलसे शीर्षक आणि पटेलसे वर्ष जुळवून ती असा लेख समोर ठेवू शकतात, जो कधी लिहिलाच गेला नाही. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात २०२३ मध्ये असेच घडले: वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. संदर्भ विभागातही आता 'हा लेख कोठेच मिळत नाही' अशी तक्रार घेऊन विद्यार्थी येतात, आणि ग्रंथपालांना तो शोधून देण्याऐवजी तो नाहीच हे सिद्ध करून द्यावे लागते.

ते सिद्ध करण्याची रीत सोपी आहे. बहुतेक नव्या शोधनिबंधांना 'डीओआय' नावाचा कायमचा क्रमांक असतो. जमिनीच्या गट क्रमांकासारखा तो समजावा: मालक बदलला, शेजार बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. तो १० या आकड्याने सुरू होतो. क्रमांक टाकून भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडले नाही, तर शंका घ्यावी. क्रमांक नसेल, तर त्या नियतकालिकाचा तो खंड काढून ते पान पाहावे; लेख खोटा असेल, तर तेथे दुसऱ्याच कोणाचे लेखन दिसते. खोटा सातबारा तलाठ्याच्या दप्तराशी ताडून पाहतात, तसेच हे आहे.

'छापून आले आहे, म्हणजे खरे असणार'

शोधनिबंध छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर जाणकारांकडून तो तपासून घेण्याच्या पद्धतीला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. ते न करता, केवळ शुल्क घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार गेल्या दोन दशकांत फोफावला. त्यांना भक्षक नियतकालिके म्हणतात. हे नाव २०१० च्या सुमारास जेफ्री बील यांनी रूढ केले, आणि ते कोलोरॅडोतील एका विद्यापीठाचे ग्रंथपाल होते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी आणली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चाले. ही यादी बंद करत असल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि संस्थांनी सूचक निकषांच्या आधारे स्वतःच नियतकालिके पारखावीत असे सुचवले. यादीत नाव आहे की नाही एवढे पाहून होणारे काम आता समजून-उमजून करावे लागणार आहे. निबंध चार दिवसांत स्वीकारला गेला का, संपादक मंडळातील माणसांना आपण त्या मंडळात आहोत हे ठाऊक आहे का, एकाच अंकात पशुवैद्यकापासून संतसाहित्यापर्यंत सगळे छापले आहे का, हे प्रश्न विचारायला ग्रंथपाल शिकवतात.

'मॅडम, टक्केवारी कमी करून द्या'

प्रबंध सादर करण्यापूर्वी तो संगणकीय तपासणीतून जातो आणि अन्य मजकुराशी साम्य किती टक्के आहे याचा अहवाल येतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. १० ते ४०, ४० ते ६० आणि त्यापुढे असे चढते टप्पे आहेत. बहुतेक विद्यापीठांत ही तपासणी ग्रंथालयात होते, म्हणून आकडा कमी करण्याची विनंतीही तेथेच येते. साम्य म्हणजे चोरी नव्हे, हे ग्रंथपालांना दर वेळी नव्याने सांगावे लागते. अवतरणचिन्हांत दिलेला आणि श्रेय नमूद केलेला उतारा साम्य दाखवेल, पण ती चोरी नाही. उलट दुसऱ्याची कल्पना शब्द फिरवून स्वतःच्या नावावर खपवली, तर साम्य शून्य दिसेल आणि ती चोरीच असेल. यंत्र केवळ शब्द मोजते.

'हे तर मार्गदर्शकांचे काम' आणि 'ग्रंथपाल चुकत नाहीत का?'

मार्गदर्शक प्राध्यापकाला विषय खोलवर ठाऊक असतो. कोणती माहिती कोणत्या दप्तरात, कोणत्या नावाखाली ठेवली जाते हे ज्ञान वेगळे आहे. गावाचा इतिहास जाणणारा आणि गावातील प्रत्येक गल्ली जाणणारा पोस्टमन, या दोघांचीही गरज लागते.

चुकण्याचे म्हणाल, तर ग्रंथपाल नक्कीच चुकतात. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्लुअर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालयांना ओळख न देता प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा साधारण ५५ टक्केच उत्तरे बरोबर निघाली. या आकड्याने त्या व्यवसायात मोठी खळबळ माजली. त्यावर टीकाही झाली, कारण ते प्रश्न एका शब्दात उत्तर मागणारे, तथ्यात्मक होते, आणि संदर्भ विभागाचे बरेचसे काम तसे नसते. तरीही उत्तराबरोबर ते कोठून घेतले हे सांगितलेच पाहिजे, ही शिस्त का पाळायची, हे त्या आकड्यावरून कळते.

खिडकीपाशी जाताना

विद्यार्थ्याने किंवा हौशी अभ्यासकाने संदर्भ विभागात जाताना तीन-चार गोष्टी बरोबर नेल्या, तर काम निम्म्यावर येते. आपण आतापर्यंत कोठे कोठे शोधले आणि कोणते शब्द वापरले, ते लिहून न्यावे. न सापडलेल्या जागाही ग्रंथपालाला बरेच काही सांगतात. विषयाचा काळ आणि प्रदेश सांगावा, आणि त्या प्रदेशाचे जुने नाव ठाऊक असल्यास तेही. काम केव्हापर्यंत हवे आहे ते आधीच सांगावे, कारण दुसऱ्या ग्रंथालयातून एखादी प्रत मागवायला किती दिवस लागतील त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. आणि प्रश्न नीट मांडता येत नसेल, तर तो तसाच, अर्धवट, सांगावा. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने आजीचा उल्लेख पाचव्या मिनिटाला केला. तो तिने पहिल्याच वाक्यात केला असता, तरी चालले असते.